सिएलोचे चाळीस ग्रॅम

मित्रांनो, आजवर माझ्या ताटलीत जी जी बाळं निजली, ती सगळी तुमच्या दप्तरापेक्षा हलकी होती. मी बोगोता शहरातल्या एका इस्पितळातला जुना वजनकाटा. कारखान्यातून निघालो तो थेट अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत आलो. इथे आया दिवसभर बाळाला उघड्या छातीशी बांधून बसतात. सकाळी तेवढी मिनिटभर माझी पाळी. दहा ग्रॅम वाढले तरी खोलीत टाळ्या पडायच्या. मला फार मिरवल्यासारखं वाटायचं हो!

सिएलो आली तेव्हा अकराशे ग्रॅमची होती. तिची आई नीदिया माझा आकडा बघताना श्वास रोखून धरायची. वजन वाढलं तर पोर जगेल, एवढंच तिला कळत होतं. इथली थंडी बोचरी, म्हणून तोलतानाही टोपडं काढायचं नाही. त्याचं वजन एकदाच करून ठेवायचं आणि रोज वजा करायचं. रोज टोपडं धुऊन आणायचं काम सिएलोच्या आजीचं, एदुविनाबाईंचं.

एका सकाळी दहा ग्रॅम वाढले. दुसऱ्या दिवशी आणखी दहा. चार दिवसांत चाळीस.

“अगं बाई, ही तर माझ्यासारखी सुटायला लागली!” ओफेलिया सिस्टर पोटावर हात मारत म्हणाल्या.

“दृष्ट लावू नका हं माझ्या नातीला,” आजी म्हणाल्या. नीदिया हसता हसता रडली.

पाचव्या दिवशी सकाळी सिएलोचं अंग निळं पडलं. डॉक्टर धावत आले. रक्तात जंतू पसरले होते. “वजन अडलं असतं तर आधीच संशय आला असता. हिचं तर वाढत होतं!” ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दुपारी सिएलो गेली.

तिला पुसताना सिस्टरांनी टोपडं काढलं, तर ते हाताला जड लागलं. दुमडलेल्या कडेत देवाची चार जाड पदकं शिवलेली होती, इथे सगळे जिला नवस बोलतात त्या चिकिन्किराच्या माउलीची. सिस्टरांनी टोपडं माझ्यावर ठेवलं. नोंदीपेक्षा चाळीस ग्रॅम जादा भरले. पोर वाढलीच नव्हती. नीदियाने आकडा पाहिला आणि माझी कड घट्ट धरली.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. जे ठेवलं ते मोजलं. पण बाळ कोणतं आणि पदक कोणतं, हे मला कळत नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

नीदिया माझी कड धरून उभी होती, तेवढ्यात आजी आत आल्या. “पोरी, मी रोज एकेक पदक शिवत होते गं तिच्या टोपड्यात. माउलीने काहीच केलं नाही का?”

नीदियाने टोपडं उचललं, माझा आकडा शून्यावर गेला.

“केलं ना, आई. म्हणून तर ती रोज वाढत होती.”

“वाढत होती ना?” म्हणून म्हातारी तिच्या गळ्यात पडून रडली.

आता इथे टोपडं रोज नव्याने तोलतात. तुमच्या घरी इवलं बाळ आलं, तर त्याला काट्यावर उघडंच ठेवा. देवसुद्धा बाजूला ठेवा, तो रागावणार नाही. आणि मित्रांनो, कधी बोगोताला आलात, एदुविनाबाई भेटल्या, तर यातलं काही त्यांना सांगू नका.