अडलेले दोन सेकंद

मित्रांनो, मी एक जुने, चावीचे स्टॉपवॉच आहे. आठ पायांच्या कोळ्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत खिळ्याला लटकलेले असते. तुमच्यासमोर बोलायची लाज वाटते, तरी बोलते.

एके काळी मी इथल्या संशोधक सरांच्या हातात होते. "हे कधी चुकत नाही," असे ते आल्यागेल्याला सांगत आणि मी फुगून जाई. पुढे त्यांनी मला आपल्या विद्यार्थिनीकडे सोपवले. कोळ्यांच्या खोलीत मोबाईलला बंदी होती. तो थरथरला की जाळे थरथरते आणि मादीला भक्ष्य अडकल्यासारखे वाटते.

गोल जाळे विणणारी ती मादी मोठी. नर जेमतेम तिच्या पायाएवढा. तो जाळ्याला एक धागा बांधून त्यावर ताल धरतो. मादी त्या धाग्यावर आली की मीलन सुरू होते आणि लगेच ती त्याला रेशमात गुंडाळू लागते. वेळेत उडी मारणारा बहुधा वाचतो, रेंगाळणाऱ्याला ती खाते. हे रेंगाळणे किती सेकंदांचे, ते विद्यार्थिनीला शोधायचे होते. तिची पदवी त्यावरच उभी होती.

माझ्या बटणातले तेल सुकले होते. काटा कधी लगेच सुटे, कधी दोन सेकंद अडे. मला ते कळत होते. पण कौतुकाची चटक लागलेली. सरळ बंद पडायचे सोडून मी टिकटिकत राहिले.

एकसष्ट जोड्या झाल्या, चाळीस नर खाल्ले गेले, हंगाम संपला. शोधनिबंध पाठवायच्या आदल्या दिवशी झाडता झाडता माझे बटण दाबून शिपाईमामा म्हणाले, "ताई, हा काटा तुमच्यासारखाच. हाक मारली तरी उठायला वेळ लावतो."

ती हसली. मग तिने मला भिंतीवरच्या घड्याळाशी वीसदा ताडून पाहिले. सात वेळा मी अडले.

"सर, आकडे टाकून द्यायला हवेत," ती म्हणाली. "वर्ष जाईल माझं."

"दोन सेकंद मिळवून टाक की."

"दर वेळी अडलं नाही ना ते. कुठे मिळवू?"

सरांनी मला तळहातावर घेतले. "माझ्या वेळीही अडायचं का गं हे?"

"तुम्ही तपासलं होतं कधी?"

सरांनी मला परत खिळ्याला लटकवले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी वेळीच बंद पडले असते, तर ते चाळीस नर निदान खऱ्या आकड्यासाठी तरी गेले असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या पुसून ठेवू नका. वापरण्याआधी एकदा आमच्यावर शंका घ्या. मला कोणी वेळीच विचारले असते, तर दोन सेकंद उशिरा का होईना, मी कबूल केले असते.