चोरखिशाची दुहेरी टीप

एकतीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, पण असला गाढवपणा आयुष्यात केला नव्हता.

आमचे हे निवृत्त पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांच्या मनीऑर्डरी छातीशी धरून पोचवल्या, त्यामुळे घराबाहेर पडलं की यांना दिसेल तो माणूस खिसेकापू वाटतो. समुद्रावर चार दिवस जायचं ठरलं तेव्हा म्हणाले, "सगळे पैसे एका जागी नकोत." खोलीचं भाडं आणि परतीची तिकिटं आधीच भागवली. जेवणखाणाचे पैसे शर्टाच्या खिशात. आणि माझे पैसे? यांच्या पँटच्या कमरेला आतून चोरखिसा शिवून त्यात.

माझे म्हणजे शाळेच्या गणवेशांच्या शिलाईतून वर्षभर बाजूला टाकलेले. त्यातून मला लाँचनं बेटावरच्या दीपगृहाला जायचं होतं. लग्न झाल्यापासून हे म्हणतायत, "नेईन एकदा." म्हटलं, तुम्ही कसले नेताय, मीच नेते तुम्हाला!

निघताना कात्री, सुई, दोरा सगळं मशीनच्या खणात टाकलं. चार दिवस टाक्याला हात लावणार नाही, अशी शपथच घेतली.

तीन दिवस वाऱ्यामुळे लाँच बंद. चौथ्या दिवशी दुपारी सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमची परतीची गाडी. धक्क्यावर लाँचवाला म्हणाला, "काकू, रोख द्या. मोबाईलला इथे रेंज नाही. आणि ही शेवटची फेरी हां."

शर्टाच्या खिशातले पैसे चार दिवसांच्या जेवणखाणात संपले होते. "काढा माझे," मी यांना म्हटलं.

यांनी कमरेत हात घातला. चाचपलं. परत चाचपलं. "अगं, तोंड कुठंय?"

"कसलं तोंड?"

"खिशाचं!"

पट्टी उलटून पाहिली आणि कपाळाला हात लावला. नोटा आत ठेवून मी चारी बाजूंनी टीप मारली होती, तीही दुहेरी! ठिगळं लावायची सवय, हात आपोआप फिरला. नोटा बोटांना लागत होत्या, पण बाहेर यायला वाटच नव्हती.

उसवायला गेले तर नख तुटलं. माझीच शिलाई ती, अशी सुटते होय? लाँचवाल्यानं दोर कापायचा सुरा पुढे केला.

"खबरदार!" मी ओरडले. "आत नोटा आहेत, आणि नोटांच्या आत आमचा माणूस आहे!"

रांगेतले सगळे हसले. तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि मला रडूच कोसळलं. एवढी वर्षं वाट पाहिली, आणि ऐन वेळी मीच माझ्या हातानं ती शिवून टाकली.

यांनी घसा खाकरला. "रागावणार नसशील तर एक सांगू?"

पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. आत माझी छोटी कात्री, सुई आणि काळ्या दोऱ्याचं रीळ.

"चार दिवस तुला चैन पडायचं नाही, असं वाटलं. मागशील तेव्हा द्यावी म्हणून आणली. तू मागितलीच नाहीस."

"अहो, मग इतका वेळ गप्प का?"

"तू शपथ घेतली होतीस ना!"

घ्या! शपथ माझी, पाळतोय हा माणूस. काखेत कळसा नि गावाला वळसा. भर धक्क्यावर यांच्या कमरेशी वाकले. "श्वास आत घ्या. अजून घ्या." लाँचवाल्यानं शहाण्यासारखं समुद्राकडे तोंड केलं. टीप उसवली, पैसे दिले आणि आम्ही उडी मारूनच चढलो. माझा जीव भांड्यात पडला.

लाँच मध्यावर आली तेव्हा यांनी सुईदोरा माझ्यापुढे धरला. "पट्टी लोंबतेय गं."

"माझी सुट्टी आहे. शिवा तुम्हीच."

पाचव्या खेपेला दोरा ओवला आणि मान वाकडी करून शिवायला बसले. एकेक टाका एकेका दिशेला पळत होता. शर्टाचं टोकही त्यात शिवलं जात होतं. माझे हात शिवशिवले.

"जमतंय का गं?"

"छान जमतंय," मी म्हटलं. समोर दीपगृह मोठं मोठं होत होतं, मी तिकडे तोंड केलं. शर्ट काय, परत आल्यावर उसवता येईल. कात्री होतीच.