गुरुवारचा ताप

आमच्या घरात दोन रविवार होते. एक मुलींचा, कॅलेंडरातला, लाल शाईचा. दुसरा त्यांच्या वडिलांचा, आणि तो गुरुवारी यायचा. विजेच्या टंचाईमुळे चिंचवडकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, शाळेला रविवारी. हे ज्याने ठरवलं त्याच्या घरी लेकरंबाळं नसणार, असं मी तेव्हा म्हणायचे आणि आजही म्हणते.

यजमानांचं नाव साहेबराव. ते एकदाच लिहिते, पुढे 'हे' म्हणेन, कारण जन्मभर तेच म्हणत आलेय. यांचं गाव महाळुंगे. शेती थोरले दीर बघायचे आणि हे चिंचवडला एका कंपनीत लेथवर, लोखंडाचे भाग कातायला. स्टेशनजवळ दोन खोल्यांत आम्ही चौघं. थोरली इंद्रायणी चौथीत, धाकटी कस्तुरा बालवाडीत. तिला आजेसासूबाईंचं नाव. चौऱ्याहत्तर सालातली ही गोष्ट.

पहिल्या पाळीला हे मुली उठायच्या आत घराबाहेर, आणि ओव्हरटाइम करून आले की लगेच आडवे. दुसऱ्या पाळीला मुली झोपल्यावर घरात. आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दिवसभर आतल्या खोलीत, तोंडावर टॉवेल टाकून झोपलेले. गुरुवारीही मुली शाळेतून येईपर्यंत यांचा डोळा लागलेला. माझा सगळा जन्म तोंडावर बोट ठेवण्यात चालला होता. "हळू! आप्पा झोपलेत." शेजारच्या गिरजाबाई भरदुपारी मसाला कुटायला बसल्या की मी तरातरा जाऊन त्यांच्याशी भांडून यायचे, आणि भांडायचं तेही कुजबुजत.

मुलींना जागे आप्पा मिळायचे ते खंडेनवमीला. त्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा असायची आणि घरच्या माणसांना आत सोडायचे. हे धुतलेला पांढरा सदरा घालून चौदा नंबरच्या लेथपाशी ऐटीत उभे असायचे. झेंडूचा हार, नारळ, पेढे. इंद्रायणी मशीनला हळदकुंकू वाहायची. मामंजी बैलाला थोपटायचे, तसं मशीनवर हात ठेवून हे सांगायचे, "ह्ये आपलं. दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाई." मुली हे वाक्य वर्षभर पुरवायच्या.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि इंद्रायणीच्या रंगराव गुरुजींनी मला शाळेत बोलावलं. "सरूबाई, हे जरा वाचा," म्हणाले आणि हसत वही पुढे केली. निबंधाचा विषय होता, माझे वडील.

"माझे वडील झोपतात. ते उजव्या कुशीवर झोपतात. ते झोपले की आम्ही बोलत नाही. त्यांच्या सदऱ्याला तेलाचा वास येतो. जागे असताना ते कसे असतात ते खंडेनवमीला कळते."

गुरुजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. मी घरी आले. राग तर असा आला होता की कोणावर काढावा ते कळेना. हे बिचारे आत घोरत होते. यांच्यावर काय काढणार?

पुढच्या बुधवारी मी पाटीवरच्या अक्षरात चिठ्ठी लिहिली. इंद्रायणीस ताप आल्यामुळे ती उद्या शाळेत येऊ शकणार नाही. ताप उद्या येणार हे आदल्या दिवशी कसं कळलं, असं गुरुजींच्या मनात येईल, हे लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. नंतर शहाणी झाले आणि चिठ्ठ्या शुक्रवारी पाठवू लागले. यांना सांगितलं, शाळेला सुट्टी आहे. हा माणूस कामात केसभर फरक चालवून घ्यायचा नाही, पण बायकोचं बोलणं मोजून बघायची त्याला सवय नव्हती.

काय गुरुवार होते ते! एकदा आम्ही चालत रावेतला गेलो, कस्तुरा यांच्या खांद्यावर. नदीच्या काठाला बसून पिठलं-भाकरी खाल्ली आणि यांनी मुलींना चपटे दगड पाण्यावरून उडवायला शिकवले. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हरभऱ्याचे डहाळे आणून तिथेच भाजले, सगळ्यांची तोंडं काळी. एकदा आगगाडीने तळेगावला जाऊन तळ्याभोवती फिरलो. परत येताना हे शीळ घालायला लागले, तशी इंद्रायणी थबकलीच. "आई, आप्पांना शीळ येते!" तोवर मला तरी कुठे माहीत होतं? हे कुत्र्याला भितात, हेही मुलींना त्याच दिवशी कळलं. ती इंद्रायणी आता डी.एड. करतेय. पण शीळ ऐकली की तिचा चेहरा अजून तसाच होतो.

असे पाच गुरुवार पदरात पडले. घात केला तो रंगराव गुरुजींच्या चांगुलपणाने. पोरीला नेमका गुरुवारीच ताप येतो, म्हणजे हा पाळीचा हिवताप, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या काळी सरकारचा मलेरियावाला घरोघर फिरून रक्त तपासायला न्यायचा. गुरुजींनी त्याला आमचा पत्ता दिला.

जानेवारीतला गुरुवार. मी भाकऱ्या फडक्यात बांधत होते, इंद्रायणी लाल रिबिनी बांधून उंबऱ्यावर उड्या मारत होती. तेवढ्यात खाकी कपड्यातला माणूस दारात उभा राहिला.

"तापाची मुलगी कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत कस्तुरा पुढे झाली. "ताईला ताप नाही काही! गुरुवारी आम्ही फिरायला जातो!"

मलेरियावाल्याने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा रिबिनींकडे. मग काम ते काम म्हणून इंद्रायणीच्या बोटाला सुई टोचली, काचेवर रक्त घेतलं, कडू गोळ्या माझ्या हातात दिल्या आणि भिंतीवर खडूने तारीख लिहून निघून गेला. इंद्रायणीने भोकाड पसरलं. आतून हे भांग पाडत बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"शाळंला सुट्टी हाय म्हनाली हुतीस."

मी हातातल्या गोळ्या पदराला बांधल्या.

"किती गुरुवार?"

"पाच."

यांनी खुंटीवरचं दप्तर काढलं, इंद्रायणीचं बोट धरलं आणि तडक शाळेची वाट धरली. कस्तुराला कडेवर घेऊन मी मागून धावत.

गुरुजींसमोर हे हात जोडून उभे राहिले. "गुरुजी, पोरीला कंदी ताप नव्हता. चूक आमची."

गुरुजींना वाईट वाटलं, रागही आला. "अहो, स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर आलीय. सरावाचे पेपर मी गुरुवारीच घेतो. हुशार मुलगी आहे, तिचे पाच पेपर बुडाले. असं का केलंत?"

मला राहवलं नाही. "तो निबंध दाखवा यांना," मी म्हणाले.

हे चौथी शिकलेले. ओळीखाली बोट ठेवून त्यांनी तो निबंध वाचला. पाच ओळी, पण बोट फार हळू सरकत होतं. वाचून झाल्यावर वही मिटली, दोन्ही हातांनी गुरुजींना परत दिली आणि वर्गाबाहेर आले. त्या दिवशी हे झोपले नाहीत. शाळा सुटेपर्यंत घराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. फडक्यातल्या भाकऱ्या संध्याकाळी आम्ही घरातच खाल्ल्या.

गुरुवारचा ताप उतरला. परीक्षेत इंद्रायणीची स्कॉलरशिप थोडक्यात हुकली, आणि त्याचं खापर मी अजून माझ्याच डोक्यावर फोडते.

पाडव्याच्या सुमाराला एक दिवस हे घरी येऊन म्हणाले, "आता मला रविवारची सुट्टी. कायम दिवसपाळी."

"अगंबाई! कशी काय?"

"साहेबांनी दिली."

मी देवापुढे साखर ठेवली आणि मोकळी झाले. पुढे काही विचारलं नाही. यांनी माझं बोलणं कधी मोजलं नव्हतं, मीही यांचं मोजलं नाही. मग काय, रविवार म्हणजे सणच. मे महिन्यात आम्ही तिघी महाळुंग्याला राहिलो, तर हे दर शनिवारी संध्याकाळी सायकल मारत तिथे हजर. मुली वेशीवर वाट बघत उभ्या. कपडे मात्र यांचे फार काळे व्हायला लागले. घासून घासून माझे हात दुखायचे. "लेथवर एवढं ग्रीस येतं कुठून?" मी करवादायचे. हे म्हणायचे, "मशीन जुनं झालंय."

खंडेनवमी आली. "यंदा ऱ्हाऊ दे. लई गर्दी असती," असं सांगून हे सकाळी एकटेच गेले. मी कसली ऐकते? मुलींना नवे फ्रॉक घातले, हळदकुंकवाचं तबक घेतलं आणि पाठोपाठ कंपनीत पोचले.

कस्तुरा पळतच चौदा नंबरपाशी गेली. तिथे हार होता, नारळ होता, पेढे होते. धुतलेला सदरा घालून उभा होता तो मात्र दुसराच कोणी, सयाजी नावाचा तरणा माणूस. मला बघून तो बावरला.

"वहिनी, दादा मागं हायेत, मेंटेनन्सला. तुमास्नी ठावं न्हाई?"

माझा चेहरा बघून त्यानेच खाली मान घालून सांगितलं. "मशिनी बंद असल्या म्हंजीच दुरुस्ती करता येती. म्हनून मेंटेनन्सवाले गुरुवारी कामावर आन् रविवारी सुट्टी. दादांनी सोताहून मागून घेतलं. फोरमन म्हनला, अरे, लेथवरचा पयला मानूस तू, तिथं कालच्या पोरांच्या हाताखाली पाने द्यावे लागतील. दादा म्हनले, दीन की पाने."

मुलींचे हात धरून मी मागच्या शेडकडे चालू लागले.

हे एका पालथ्या डब्यावर बसले होते. सदरा तोच, पांढरा. समोर पान्यांची पेटी, तिच्यावर झेंडूचं एकच फूल. आम्हाला बघून हे चटकन उठले आणि धुतलेलेच हात पुन्हा सदऱ्याला पुसले.

"आप्पा, आपलं मशीन कुठंय?" कस्तुराने विचारलं.

मशीनच्या पाठीवर हात ठेवून ऐटीत बोलणारा माणूस पोरीसमोर मान खाली घालून उभा राहिलेला मला बघवेना. इंद्रायणीने माझ्या हातातलं तबक घेतलं. पेटी उघडून एकेका पान्याला हळदकुंकू लावलं. मग यांचा उजवा हात ओढून घेतला आणि त्याच्यावरही लावलं.

"अगं, हाताला कुठं लावत्यात?" हे म्हणाले. पण हात मागे घेतला नाही.

मी तिथेच, चार माणसांत, मोठ्याने रडले. "मला एका शब्दाने सांगायचंत तरी!"

"तू तरी कुठं सांगितलंस," हे म्हणाले, "पोरीला ताप न्हाई म्हून?"

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर हे आडवे झाले, उजव्या कुशीवर, तोंडावर टॉवेल. मुली भातुकलीवरून भांडत होत्या. कस्तुराच्या हातून पितळेचं पातेलं खाली पडून घरभर खणखणलं, आणि सवयीने माझं बोट तोंडावर गेलं.

"हळू! आप्पा झोपलेत."

टॉवेलाखालून आवाज आला, "न्हाई झोपलो. वाजू दे."