अजीजभाईंचा एकच सेट

माझ्या लग्नाची सगळी तयारी झाली होती. मुलगी तयार होती, मी तर दहावीपासूनच तयार होतो. फक्त घराला स्लॅब नव्हता.

बघायला मंडळी आली तेव्हा दिपालीच्या आत्यांनी, रंगुबाईंनी, माझ्याकडे पाहिलंच नाही. चहाचा कप हातात धरून त्या वर पत्र्याकडे बघत राहिल्या. पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून येणारा कवडसा बरोबर माझ्या टाळूवर पडला होता. मला वाटलं, शुभ आहे.

"पोरगं चालंल," आत्या म्हणाल्या. "पत्रा न्हाई चालायचा. स्लॅब टाका, मग तारीख धरू."

म्हणजे मी आणि पत्रा यांच्यात मी पास झालो. शाळेत असं कधी झालं नव्हतं, कारण तिथे पत्रा परीक्षेला बसत नसे.

शेवगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळ्यांचे चेहरे मीच गोरे करतो. त्यामुळे काँट्रॅक्टर शोधायला मला खुर्चीवरून उठावंही लागलं नाही. समोरच्या खांबावर बोर्ड होता: 'अजीजभाई काँक्रीट काँट्रॅक्टर. रेसिडेन्शियल व कमर्शियल कामे. शब्द दिला की वेळ पाळणार.' मागे काचेची उंच इमारत आणि तिच्यावरून चाललेलं हेलिकॉप्टर. वाचून मला इतका विश्वास वाटला की मी लगेच फोन लावला.

तो बोर्ड मीच बनवला होता. वाक्य माझं, इमारत दुबईची, हेलिकॉप्टर एका सरपंचाच्या वाढदिवसातून उरलेलं. हे मला आठवलं तोवर पलीकडून "बोला माउली" आलं होतं. माझं नाव ज्ञानेश्वर, म्हणून सगळे मला माउली म्हणतात. बाकी काही कारण नाही.

अजीजभाई माणूस गोड. त्यांनी पत्रा उतरवला, भिंती झपाट्यात वर नेल्या आणि एके दिवशी आलेच नाहीत. आई आणि मी गोठ्यात राहायला गेलो होतो. म्हशीने आम्हाला समजून घेतलं, पण किती दिवस घेणार? मी फोन केला.

"माउली, सेंट्रिंगचा माल अडकलाय," ते म्हणाले. सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी खालून ठोकतात त्या लोखंडी प्लेटा आणि त्यांना धरून ठेवणारे टेकू. "माल सुटला की तुमच्याकडंच."

"दुसरा सेट लावा ना."

"हायेत की दोन. एक रेसिडेन्शियलला, एक कमर्शियलला."

"मग रेसिडेन्शियलचा आणा."

"तोच तर कमर्शियलला लावलाय."

कमर्शियल म्हणजे पाथर्डी रोडचे सहादेवअण्णांचे दोन गाळे. मी गाडी काढून तिथे गेलो. अण्णा म्हणजे साठीतले शेतकरी. ते टेकूंच्या जंगलात खाट टाकून पडले होते. सगळ्या टेकूंतून ट्रॅक्टरची साखळी ओवलेली, तिला कुलूप, आणि किल्ली अण्णांच्या करगोट्याला.

"अण्णा, स्लॅब कवाच पक्का झालाय. टेकू काढू द्या की."

"काढू. गिलावा झाला की."

"पण टेकू निघाल्याशिवाय गिलावा कसा होईल?"

"न्हाई व्हायचा."

"मग?"

"मग काय. बसलोय."

मला अर्थ लागेना. अण्णांनी मला खाटेवर जागा दिली.

"हे बघ. टेकू हायेत तवर अजीज येतो. रोज येतो. चहा पितो, टेकूकडं बघतो, जातो. टेकू गेले की अजीज गेला. माझ्या मेव्हण्याकडनं असाच गेला. पोरं शिकून नोकरीला लागली, घराच्या विटा अजून उघड्या."

"अण्णा, माझं लग्न अडलंय हो."

अण्णांनी मला वरून खाली पाहिलं. "नुसतं स्लॅबापायीच?"

मी विषय बदलला. "टेकूंच्या बदल्यात मला ठेवून घ्या."

"तुला ठेवून काय करू? तुझ्यावाचून अजीजचं काय अडतंय?"

मी विचार केला. अजीजभाईंचं अडत नव्हतं, हे खरं. मग माझ्यावाचून कुणाचं अडतं, हा विचार आपोआपच पुढे आला आणि मी तो तिथेच थांबवला.

तेवढ्यात अजीजभाई रोजच्या चहाला आले. त्यांच्या खाली वडिलांच्या वेळची एम-एटी होती. चढ आला की उतरून ढकलावी लागायची, पण तिला सोडून ते कुठे जात नसत. मी आणि अण्णा, दोघांनी एकाच वेळी एम-एटीकडे पाहिलं.

चहा संपेपर्यंत तह झाला. टेकू सुटले आणि साखळी एम-एटीच्या चाकातून गेली. अजीजभाईंनी तिचा आरसा शर्टाने पुसला.

"रात्रीची झाकून ठेवा अण्णा. थंडी लागते तिला."

गाडी गेल्यामुळे अजीजभाईंना रोज घरून आणणं आणि परत सोडणं माझ्याकडे आलं. घराचा मालक मी होतो, पण सकाळी काँट्रॅक्टरच्या दारात हॉर्न वाजवून उभाही मीच असायचो. एकदा उशीर झाला तर त्यांनी मला समजही दिली.

स्लॅबच्या दिवशी नारळ फुटला, मिक्सर गरगरला, आईने मजुरांसाठी जिलेबी आणली. पहिलं घमेलं मालकाने टाकायचं असतं. मी टाकलं, घमेल्यासकट. ते काढायला वाकेपर्यंत वरून दुसरं पडलं. ते अजून स्लॅबमध्येच आहे. अजीजभाई म्हणाले, असू द्या, सळईला आधार.

स्लॅब झाला तशी तारीख धरली. लग्न आमच्याच दारात ठरलं. मग रंगुबाई आत्या पाहायला आल्या आणि रस्त्यावरूनच म्हणाल्या, "स्लॅब बरा हाय. पन इटा उघड्या दिसत्यात. आमचे पाव्हणे येनार, त्यांनी काय इटा मोजायच्या? गिलावा न्हाई तर हळद न्हाई."

स्लॅब पक्का झाल्यावर अजीजभाईंनी विचारलं, "माउली, टेकू काढू?"

"काढू. गिलावा झाला की," मी म्हणालो. आवाज माझा होता, बाकी सगळे अण्णा होते.

मी अण्णांकडूनच दुसरी साखळी मागून आणली. देताना त्यांचा ऊर भरून आला. "शिकलास लेका," म्हणाले.

मी टेकूंमध्ये खाट टाकली. अजीजभाई रोज यायचे, चहा प्यायचे, टेकूंकडे बघायचे, जायचे. त्यांना आणायला आणि सोडायला अर्थात मीच जात होतो. स्वतःचं पेट्रोल जाळून मी एका माणसाला माझे टेकू बघायला आणत होतो, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "माउली, पुढचा स्लॅब माझाच हाय."

"तुमचा?"

"आमच्या घराला अजून पत्राच. पोराचं, जीशानचं, जमलंय. मुलीकडचे आले, चहा घेतला, अन् वर बघितलं."

ते वर बघणं मला माहीत होतं. माझ्या टाळूवर ऊन पडल्यासारखं झालं. मी उठून कुलूप काढलं. टेम्पोत प्लेटा भरताना अजीजभाईंनी छातीवर हात ठेवला. "गिलाव्याला परवा येतो. शब्द."

शब्द दिला की वेळ पाळणार. वाक्य ऐकल्यासारखं वाटलं.

परवा गेला, त्याच्या पुढचाही गेला. अजीजभाई स्वतःच्या घरावर सेंट्रिंग ठोकत होते आणि फोन पत्र्यासोबत उतरवून ठेवलेला असावा. हळद तोंडावर आली. मी दिपालीला फोन करून सगळं सांगितलं, घमेलं सोडून.

"मी उघड्या विटांत नांदेन," ती म्हणाली. "आत्या नाही नांदणार."

"आत्यांना कुठं नांदायचंय?"

"तेच म्हणते मी. तिला नुसतं बघायचंय, तेही रस्त्यावरून. तुमचा धंदा कसला आहे हो?"

मी गिलावा प्रिंट केला. पूर्ण दर्शनी भिंतीच्या मापाचा, बदामी रंगाचा, एका बाजूला खिडकी. दिपालीला डिझाइन पाठवलं. उत्तर आलं: 'खिडकीत कुंडी टाका. हेलिकॉप्टर काढा.'

लग्नाच्या दिवशी घर असं दिसत होतं की मलाच आत जायला संकोच वाटला. रंगुबाई आत्या रस्त्यावर उभ्या राहिल्या, मान डोलावली, मांडवात आल्या. मंगलाष्टकं चालू असताना वारा सुटला. भिंत फुगली, क्षणभर तशीच राहिली आणि हळूच परत बसली.

"दिपे," आत्या अंतरपाटाच्या बाजूने कुजबुजल्या, "भिंत हलली गं."

"आत्या, सकाळपास्नं उपाशी हायेस. चक्कर येत असंल."

आत्यांनी कमरेच्या पिशवीतून लाडू काढला आणि खाली बसल्या. माझ्या गळ्यात हार पडला.

अजीजभाई आले होते. जेवण झाल्यावर ते भिंतीपाशी गेले आणि जाणकारासारखी थाप मारली. हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांनी तो सावकाश बाहेर काढला.

"कुणी केला?"

"मी."

"सफाई हाय," ते म्हणाले. "जीशानच्या वेळेला आमच्या घराला टाकाल का?"

"आधी माझे गाळे," मागून सहादेवअण्णा म्हणाले. "मी कवाचा थांबलोय. कधी देतो?"

"परवा देतो अण्णा," मी म्हणालो. माझा हात छातीवर कसा गेला, मला कळलं नाही.

अण्णांनी आपली पिशवी उचलली. मग ते मांडवाबाहेर गेले. देवदर्शनासाठी सजवलेली माझी मोटरसायकल तिथे उभी होती. त्यांनी पिशवीतून मी परत केलेली साखळी काढली, दोन्ही चाकांतून ओवली, कुलूप लावलं आणि टेम्पोवाल्याला हाक मारली. मुंडावळ्या सावरत दिपाली माझ्याकडे बघत राहिली.

"एम-एटीला सोबत झाली," अजीजभाई म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झाकून ठेवायला सांगा माउली. थंडी लागते त्यांना."