भिंतीकडे तोंड करून

मास्तरांनी गळ्यातली टेप खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले.

"अजिबात वळायचं नाही हं," आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईने दवाखान्यात बजावलं होतं. "तुम्ही यांचे ओठ वाचता, काका. आवाज न काढताच काम भागतंय, तर त्या तो काढतील कशाला?"

मास्तर मनातून सुखावलेच होते. घरात एक मास्तर आणि एक बाई. पण शाळेत शिकवायच्या त्या बाईच, मास्तर आपले शिंपी. मोठ्या आजारात श्वासाची नळी बरेच दिवस घशात राहिली, बाईंच्या स्वरतंतूंवर व्रण पडले आणि आवाज गेला. तेव्हापासून दुकानदारांशी, नातेवाइकांशी त्यांच्या वतीने मास्तरच बोलत. 'हिच्या मनातलं मला न सांगता कळतं,' असं चारचौघांत सांगताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे. आता बाईंच्याच अस्थिमज्जेतल्या मूळपेशी वाढवून डॉक्टरांनी त्या स्वरतंतूंत टोचल्या होत्या. उपचार नवा, गुण येईलच, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

मागे नुसतीच हवा फुसफुसली. पुन्हा एकदा. आणि मग,

"ऐकू येतंय?"

जाडसर, अनोळखी, पण आवाज! मास्तरांचे डोळे भरून आले.

"येतंय! बोल, काहीही बोल."



"हेडबाई आल्या होत्या. शाळेचं ग्रंथालय सांभाळाल का, विचारायला."

"हो तर. मीच सांगितलं ना त्यांना, हिला आता घरीच बरं वाटतं म्हणून."

"मी हो म्हणत होते."

मास्तर गर्रकन वळले. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, मग लिहून का नाही दाखवलंस?"

"बाहेरच्या माणसासमोर तुम्हाला खोटं पाडू? आणि त्या गेल्यावर तुम्ही किती खुशीत होता." बाईंनी दम घेतला. "वळा तिकडे. अजून पुष्कळ आहे."

डॉक्टरांनी थोडंच बोलायला सांगितलंय, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.