पवार म्हणजे आपल्यातलेच ना?

नाशिकमध्ये भाड्याचं घर शोधायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारतात, सांगा बरं! नोकरी कुठे? माणसं किती? छे! पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?" मग घरमालक ते आडनाव जिभेवर घोळवतो, दुसरा प्रश्न गावाचा विचारतो, आणि त्यावर ठरतं की घर रिकामं आहे की 'कालच दिलं'.

दिनेश आणि आशा पवार यांना अशी कालच दिलेली अकरा घरं बघून झाली होती. दिनेश सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला, आशा दवाखान्यात नर्स. दोघंही सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या गावांतली, कोकणा या आदिवासी समाजाची. शिकलेली, कमावती, नीटनेटकी. पण गावाचं नाव निघालं की समोरच्याचा आवाज बदलायचा. एकाने तर तोंडावर सांगितलं, "आमचं काही नाही हो, पण शेजारी कुरकुर करतात." हे शेजारी फार सोयीचे असतात. स्वतःच्या मनातली घाण त्यांच्या दारात टाकता येते!

बारावं घर मोहिनीताईंचं. पहिल्या मजल्यावर त्या स्वतः राहत आणि दुसरा भाड्याने देत. पन्नाशीच्या, बोलक्या, माहेर निफाडचं. चहा देता देता त्यांनी विचारलं, "पवार म्हणजे आपल्यातलेच ना?"

आता पवार हे आडनाव निफाडच्या बागाईतदारांत आहे तसं सुरगाण्याच्या डोंगरातही आहे. मोहिनीताईंना पहिलेच पवार ठाऊक. दिनेशने कपावरची नजर न उचलता सांगितलं, "हो, हो. आपल्यातलेच."

मोहिनीताईंनी लगेच किल्ली काढून दिली. गाव कुठलं, हेसुद्धा विचारलं नाही.

जिना उतरताना आशा म्हणाली, "आपल्यातले म्हणजे कोणातले हो?"

"घर मिळालं ना? मग झालं तर!" दिनेश म्हणाला. आशाला ते खटकलं. पण अकरा घरांचा शीण अंगात होता, आणि ती गप्प बसली.

सामान आलं. नव्या घराचे नवे छळ सुरू झाले. पाणी सकाळी सव्वासहाला येतं आणि सातला जातं, घंटागाडी नेमकी अंघोळीच्या वेळी वाजते, गॅसची नळी अर्धा हात तोकडी पडते, मांडणीचे खिळे भिंतीत जात नाहीत. दोघांच्या नोकऱ्या सांभाळून घर काही लागेना. तेव्हा गावाहून दिनेशची आई आली. भागीबाई साठीची, काटक. सोबत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ, तांदूळ आणि केरसुणी घेऊन आली. आल्या आल्या तिने पदर खोचला, फळ्यांवर कागद अंथरले, डबे पुसले, पाण्याचा पिंप उंचावर ठेवला. दोन दिवसांत घराला घराची कळा आली.

एकच गोष्ट आशाला कळेना. गावात अख्ख्या आळीशी गप्पा मारणारी ही बाई इथे जिन्यात तोंड मिटून का चालते? विचारलं तर भागीबाई म्हणाली, "दिनेश बोलला, जिन्यात बोलू नको. तुझी बोली लोकांना कळती."

आशाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या संध्याकाळी ती नवऱ्याशी भांडली. दिनेश म्हणाला, "थोडे दिवस गं. जरा रुळलो की सांगू सगळं." थोडे दिवस! माणूस लाजेला नेहमी थोड्याच दिवसांची मुदत देतो.

पुढच्या शुक्रवारी दवाखान्यातून आशा लवकर सुटली. बाराच्या सुमाराला घरी पोचली तर दाराला कडी. आई गेल्या कुठे? ती जिना उतरू लागली आणि मोहिनीताईंच्या उघड्या दारातून तिला भांड्यांचा आवाज आला. सहज आत बघितलं, आणि तिचे पाय जागीच थांबले. स्वयंपाकघराच्या मोरीत भागीबाई उकिडवी बसून कढई घासत होती. कोपरापर्यंत हात राखेने माखलेले.

"ये गं आशा," मोहिनीताई कौतुकाने म्हणाल्या. "तुमची ही बाई फार कामसू हो! आमची नवसाबाई रजेवर गेली ना, चार दिवस हिनेच सांभाळलं. काल हिच्या हातची नागलीची भाकरी खाल्ली, काय सांगू! अशी बाई मिळायला भाग्य लागतं."

"आमची बाई?" आशाने विचारलं. "कोण म्हणालं?"

"पवारांनीच सांगितलं की. मी सोमवारी जिन्यात विचारलं, ही कोण, तर म्हणाले, घर लावायला गावाकडून बाई आणलीय. मग नवसाबाई गेली तशी मीच हिला हाक मारली."

आशाने भागीबाईकडे पाहिलं. भागीबाईने मान हलवून 'बोलू नको' अशी खूण केली. त्या खुणेनेच आशाचा बांध फुटला. पोराचं घर जाऊ नये म्हणून आई दुसऱ्याची भांडी घासते आहे, आणि वर सुनेला गप्प राहायला सांगते आहे!

"मोहिनीताई, ही बाई नाही. ही माझी सासू आहे. दिनेशची सख्खी आई!"

"काय? सासू?" मोहिनीताईंनी भागीबाईच्या हातावरचं गोंदण पाहिलं, तिचं नेसणं पाहिलं, आणि मग उलगडा होत गेला. "म्हणजे तुम्ही... तुम्ही तिकडचे? आपल्यातले नाहीच!"

"नाही. आम्ही कोकणा."

"मग मला फसवलंत की! मी विश्वासाने घर दिलं. महिनाअखेर खाली करा. मला खोटी माणसं नकोत."

"खोटं बोललो, ते चुकलंच," आशा म्हणाली. "पण एक सांगा. चार दिवस ही तुमच्या स्वयंपाकघरात वावरली. हिच्या हातची भाकरी तुम्ही खाल्ली, वाखाणलीत. कामवाली म्हणून ही तुमच्या चुलीपर्यंत चालते, आणि भाडेकरू म्हणून तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर चालत नाही? हा कुठला न्याय?"

आशाने सासूचे हात धुतले आणि तिला वर नेलं.

साडेतीनला पहिली पाळी सुटली. दिनेश घरात शिरला आणि दोघींचे चेहरे बघून समजला. "आई, तू कशाला गेलीस खाली?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"जाऊ नको तर काय करू?" भागीबाई म्हणाली. "बाईनं हाक मारली. नाय म्हनले असते तर इचारलं असतं, कामवाली हायस ना, मग का नाय? तुझं खोटं मलाच निभवाया लागलं."

"माझं चुकलं. पण तुला भांडी घासायला लावायचं मनात नव्हतं गं!"

"भांडी घासाया मला लाज नाय, पोरा. तुला पाठीला बांधून मी निफाडला द्राक्षाच्या बागेत राबलेय. मुकादम इचारायचा, कुठली? मी सांगायचे, सुरगान्याची, कोकणा. लय बाया हसल्या, पन मी गाव नाय चोरलं. आन् तू पँट-शर्ट घालून, पगार घेऊन, आईच चोरलीस?"

दिनेश आईसमोर जमिनीवर बसला.

"त्या बाईनं इचारलं, आपल्यातले ना? तू हो बोललास," भागीबाई पुढे म्हणाली. "आरं, आपल्यातले म्हनलं की बाकीची माणसं परकी होत्यात, एवढंबी कळलं नाय तुला? तुलाच तर अकरा जणांनी परकं केलं. बाराव्या ठिकानी तू त्यांच्यात जाऊन बसलास, आन् बाहेर कोन राहिली? मी!"

दिनेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. घर मिळवण्याच्या घाईत आपण काय गमावलं, हे त्याला त्या एका शब्दाने कळलं. बाहेर कोण राहिली? मी! तो उठला. आईचा हात धरून म्हणाला, "चल." भागीबाई म्हणाली, "मी कशाला?" "तूच पाहिजेस," तो म्हणाला. आशा मागोमाग निघाली.

मोहिनीताईंनी दार उघडलं. दिनेशचा आवाज सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतका चढला होता.

"मोहिनीताई, ही माझी आई, भागीबाई चंदर पवार. मी हिला कामवाली म्हणालो. त्याइतकं नीच काम मी आयुष्यात केलं नाही. तुमच्याशी खोटं बोललो, त्याची माफी मागतो. आम्ही कोकणा आहोत. महिनाअखेर घर सोडायचं तर सोडतो. पण यापुढे मला कुणी 'आपल्यातले ना' विचारलं, तर मी हेच सांगणार."

मोहिनीताई चौकटीला धरून उभ्या होत्या. "अहो, पण आधी सांगायचं होतंत..."

"सांगितलं असतं, तर दिलं असतं घर?" आशाने विचारलं.

किती सोपा प्रश्न! 'हो' म्हटलं असतं तर मोहिनीताई सुटल्या असत्या. त्या हो म्हणायलाच निघाल्या होत्या. पण समोर भागीबाई उभी होती. चार दिवस जिला 'बाई, हे घास, बाई, ते पूस' असं सांगितलं, आणि जिला साधं नावही विचारलं नाही.

"नसतं दिलं," त्या हळूच म्हणाल्या. "खरं सांगते. नसतंच दिलं." आणि त्यांचे डोळे भरून आले. "दुपारपासून मी स्वतःला समजावतेय की यांनी मला फसवलं. पण घास काही गिळवत नाही. भागीबाई, तुम्ही माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. मी तुम्हाला एकदाही 'बसा' म्हटलं नाही हो!"

भागीबाईने लगेच गोड बोलून विषय मिटवला नाही. ती म्हणाली, "मला बस म्हनू नका. पुढचं कुनी घर इचारत आलं ना, त्याला म्हना."

मोहिनीताईंनी मान खाली घातली. मग दार पूर्ण उघडलं. "घर सोडायचं नाही. आणि आधी आत या. सगळे."

मंडळी, मोहिनीताई वाईट नव्हत्या. तुमच्याआमच्यासारख्याच होत्या, आणि भीती वाटावी ती याचीच! आपण 'आपल्यातले ना' असं हसत, चहा देत विचारतो, आणि त्या एका शब्दाने शिकल्यासवरल्या पोराला स्वतःच्या आईला नाकारायला लावतो. घर देताना जात विचारणं हा अन्याय आहे, आणि त्या प्रश्नापुढे आपली माणसं लपवणं ही त्या अन्यायाला दिलेली मदत आहे. उद्या तुमच्या दारात कुणी भाडेकरू आला, तर त्याला खुशाल विचारा, माणसं किती, नोकरी कुठे, कधी राहायला येता. त्यापलीकडचं काही विचारावंसं वाटलंच, तर एवढं आठवा की उत्तर देणाऱ्या त्या पोराची आई कुठेतरी आहे, आणि तुमच्या प्रश्नाची किंमत तिला मोजावी लागणार आहे.