गोजरबाईचा साहेब

कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा उकंडरावला कळले की बायको गेली ती काहीतरी मनात ठेवूनच गेली.

दहाव्याला सगळे नदीवर जमले होते. ऊन चढले, तरी कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते.

"हर्षलची माय, तुह्या पाटल्या सुनेलेच देतो," उकंडराव हात जोडून म्हणाला. कावळा हलला नाही. "पोराले आता कधी टाकून बोलत नाही." तरीही नाही.

मागे बायकांत धम्मशीला उभी होती. खामगावच्या जिनिंगमध्ये त्याच्या बायकोच्या, गोजरबाईच्या शेजारी बसून तिने वर्षानुवर्षे कापूस निवडला होता. ती पुढे आली.

"गोजरे, साहेबाची चिंता नको करू वं. त्याच्या कबरीवर मी पानी टाकीन."

कावळा झपकन खाली आला आणि घास घेऊन उडाला.

"हा कोन साहेब बे?" चुलतभाऊ भागवत हसू दाबत म्हणाला. "वहिनीनं आमाले पत्ताच लागू देला नाही!" बायका पदराआड हसल्या. उकंडरावच्या कानशिलात आग झाली. चाळीस वर्षांचा संसार आपला, आणि कावळा उतरला तो कोण्या साहेबाच्या नावावर!

तेरावे आटोपताच त्याने धम्मशीलेला गाठले आणि तिच्यासोबत खामगावला गेला. जिनिंगच्या मागे गोऱ्यांचे जुने कब्रस्तान होते. इंग्रजांच्या काळात कापसाच्या व्यापाराला आलेले लोक तिथे पुरलेले. बाकीच्या कबरी काटेरी झुडपांत बुडाल्या होत्या. एक तेवढी लख्ख होती. वर कोरलेली वेल, कडेने झेंडू. घरच्या तुळशीपाशी गवत माजले होते आणि इथे काडीसुद्धा पडलेली नव्हती.

"दुपारची भाकर आमी इथंच खात होतो," धम्मशीला म्हणाली.

"वय का होतं याचं?"

"चोवीस. वाचमननं दगड वाचून दाखवला होता."

"चोवीस!" उकंडरावने पिकल्या मिशीवरून हात फिरवला. "अन् दिसाले?"

"आता घ्या! दीडशे वर्सं झाले त्याले मरून. मेलेल्या मानसावर जळता का भाऊजी?"

"जळतो. गावभराचं मले सांगे, याचं कधी सांगतलं नाही. का बोले याच्यापाशी?"

"काई बी. तो मधात टोके नाही न."

उकंडराव कबरीच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "माह्याबद्दल?"

धम्मशीला पदराने दगड पुसत राहिली. "एकच. घरी मी निस्ती हर्षलची माय, म्हने. धनी कधी नावानं हाक मारत नाही. मंग इथं बसून सोताच सोताले हाक मारे. गोजर, ए गोजर! अन् हासे. साहेबानं मारली, म्हने."

ती हापशावर पाणी आणायला गेली. उकंडराव दगडाकडे रागाने बघत उभा राहिला. या पोराच्या तोंडी तिने आपले नाव घातले होते. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने तोंड उघडले. "हर्षलची माय," एवढेच निघाले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले.

आता झेंडूला पाणी तोच घालतो. धम्मशीलेला बादलीला हात लावू देत नाही, त्यावरून दोघांची भांडणे होतात. बायकोचे नाव मात्र त्याने अजून घेतलेले नाही.